कॉलेज, लोकल आणि पाच हजार मीटर

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून मी तीन वर्षं माटुंग्याला बीएस्सीला गेले आणि पुढची दोन कालिन्याला एमएस्सीला. या पाचही वर्षांत ५,००० आणि १०,००० मीटर धावले, मोसमात क्रॉस कंट्री, म्हणजे ट्रॅकबाहेर माती-गवतावरची लांब शर्यत. पदकं मोजकीच मिळाली, चुका मात्र घाऊक केल्या. आता दर जूनमध्ये आमच्याच वसाहतीतली दोन-तीन मुलं ॲडमिशनची पावती हातात घेऊन दारात उभी राहतात. "ताई, कॉलेज करून रनिंग जमेल ना?" दर वर्षी तेच तोंडी सांगते, म्हणून यंदा लिहूनच काढलं.

जमतं. फक्त बहुतेक जण आधी किलोमीटर ठरवतात, त्यात लेक्चरं बसवतात आणि उरेल ती झोप घेतात. हा क्रम उलटा करायचा. आधी झोप, मग लोकल, मग डबा आणि सगळ्यात शेवटी किलोमीटर.

वहीत आठवडा मांडा

आठवड्याचे तास १६८. आठ तासांप्रमाणे झोपेचे ५६. कॉलेजचे प्रॅक्टिकल धरून तीसेक. प्रवासाचे बारा, अभ्यासाचे वीस. आठवड्याला ६० किलोमीटर धावायला साडेसहा-सात तास, वर व्यायामाचे दोन. बेरीज जेमतेम १२७ होते. म्हणजे चाळीस तास शिल्लक! ही बेरीज पहिल्यांदा केली तेव्हा मला माझाच राग आला होता, कारण मी सगळ्यांना "वेळच नाही" असं सांगत फिरत होते.

खरी गोष्ट अशी की वेळ असतो, सलग वेळ नसतो. दोन लेक्चरांच्या मधली पन्नास मिनिटं, घाटकोपरला थांबलेली लोकल, संध्याकाळी मैदान रिकामं व्हायची वाट बघण्यातला अर्धा तास. या तुकड्यांत धावता येत नाही आणि झोपताही येत नाही, पण वाचता येतं. म्हणून सलग वेळ लागतो ती कामं (झोप, मैदान, प्रॅक्टिकलचं जर्नल) आधी वहीत टाका आणि पाठांतर, नोट्स, व्हॉट्सॲप असली सगळी किरकोळ कामं तुकड्यांवर सोडा. मी ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या रिॲक्शन लोकलमध्येच पाठ केल्या. लेडीज डब्यात उभं राहून, एका हाताने कडी धरून.

झोपेबद्दल वेगळं सांगते, कारण मी तिथेच आपटले. दुसऱ्या वर्षाला पहाटे चारला उठायचे आणि रात्री साडेअकराला जर्नल मिटायचे. साडेचार तास झोप, वर आठवड्याला ७० किलोमीटर, त्यातले निम्मे हायवेलगतच्या काँक्रीटवर. सहाव्या आठवड्यात डावी नडगी दुखायला लागली. एका दवाखान्यात स्प्रे आणि क्रेप बँडेज देऊन "धावत राहा, सवय होईल" असं सांगितलं. मी धावत राहिले. शेवटी एमआरआयमध्ये हाडाला चीर निघाली आणि मोसम गेला.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून एवढं लक्षात ठेवा. नडगीच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेलं दुखणं, जे अंग गरम झाल्यावर कमी होतं, ते बहुतेकदा स्नायूंच्या आणि हाडावरच्या आवरणाच्या ताणाचं असतं. किलोमीटर कमी केले, मऊ जमिनीवर धावलं की ते आटोक्यात येतं. पण एका बोटाने दाबल्यावर नेमक्या एकाच जागी कळ येत असेल, धावताना ती वाढत असेल, रात्री झोपेतही ठसठसत असेल, तर धावणं त्या दिवशी बंद आणि सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे. सुरुवातीच्या आठवड्यांत साध्या एक्स-रेत अशी चीर अनेकदा दिसत नाही, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढ्यावर पुन्हा मैदानात उतरू नका.

सकाळी की संध्याकाळी?

याचं उत्तर कॉलेजच्या वेळेत आहे. मुंबईतली बरीच कॉलेजं सकाळी सात-सव्वासातला सुरू होतात. तुमचं तसं असेल तर पहाटे धावायचा हट्ट सोडा. साडेतीनला उठून धावणारा मुलगा दहाच्या लेक्चरला डुलक्या काढतो आणि त्याचं श्रेय जिद्दीला देतो. त्याने संध्याकाळी साडेपाचला धावावं. दुपारचं कॉलेज असेल तर मात्र पहाटेसारखी वेळ नाही. रस्ते मोकळे, ऊन नाही, आणि लोकलही उलट्या दिशेने जायचं असेल तर चक्क बसायला जागा.

मुलींसाठी एक गोष्ट. पहाटे अंधारात एकटीने निघायचं असेल तर मार्ग आणि परतायची वेळ घरात कुणाला तरी माहीत असू द्या, आणि रेल्वे पोलिसांचा १५१२ हा हेल्पलाइन नंबर मोबाइलमध्ये ठेवा. शक्य असेल तर जोडी शोधा. माझी जोडीदारीण माझ्याहून एका किलोमीटरला मिनिटभराने हळू होती. तिच्यामुळे माझे साधे दिवस खरोखरच साधे राहिले. याचा फायदा पुढे सांगते.

मैदान निवडताना

मुंबईत मैदान जवळ असणं हे मैदान चांगलं असण्यापेक्षा महत्त्वाचं. दीड तास प्रवास करून सिंथेटिक ट्रॅकवर रोज जाण्यात अर्थ नाही. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा ट्रॅक पुरतो. बाकी दिवस घराच्या किंवा कॉलेजच्या दहा मिनिटांच्या परिघात जे असेल ते.

मी माटुंग्याहून दादरचा टिळक पूल ओलांडून शिवाजी पार्कला चालत जायचे. तेवढाच वॉर्म-अप, शिवाय माझा पास माटुंग्यापर्यंतचाच होता! विद्यार्थी सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढाच मिळतो, पुढच्या स्टेशनाला उतरलात तर तिकीट वेगळं काढावं लागतं. हे टीसीने शिकवण्याआधी शिकलेलं बरं. शिवाजी पार्कची फेरी सव्वा किलोमीटरच्या थोडी आत भरते. कट्ट्याच्या आतल्या बाजूने मातीवर धावा, बाहेरच्या फरश्यांवर नको. उन्हाळ्यात लाल धूळ उडते आणि नेटमधून चेंडू येतो, दोन्हीची सवय करावी लागते.

सिंथेटिक ट्रॅकसाठी नेपियन सी रोडचं प्रियदर्शिनी पार्क आणि कांदिवलीचं साईचं (स्पोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियाचं) केंद्र ही ठिकाणं धावणाऱ्यांच्या तोंडी असतात. प्रवेशाच्या वेळा आणि फी बदलत असतात, आधी फोन करून जा. लांब पल्ल्याला मरीन ड्राइव्ह सपाट आणि हवेशीर, पण जमीन कडक. आरेच्या रस्त्यांवर चढउतार चांगले मिळतात. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरी लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यासारखा चढाचा सराव शहरात दुसरा नाही. मात्र तिथे बिबट्यांचा वावर आहे, उजाडल्यावरच शिरा आणि घोळक्याने धावा. रविवारी लाँग रन लवकर उरका. दुपारचा मेगाब्लॉक लागला की घामाने ओल्या कपड्यांत तासभर प्लॅटफॉर्मवर उभं राहावं लागतं, आणि सर्दी तिथेच होते असं माझी आई अजून मानते.

जिमखान्याचे कागद

हे कुणालाच आवडत नाही, पण दर वर्षी चांगली धावणारी दोन-चार मुलं कागदामुळे बाहेर बसतात. कॉलेज सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात जिमखान्यात जा आणि स्पोर्ट्सच्या सरांना किंवा मॅडमना तोंड दाखवा. इंटर-कॉलेजसाठी एलिजिबिलिटी फॉर्म लागतो. त्यासाठी दहावी-बारावीच्या मार्कशीट, जन्मतारखेचा पुरावा, फीची पावती, आयडी आणि फोटो यांच्या चार-चार झेरॉक्स एका फाइलमध्ये कायम ठेवा. विद्यापीठ स्पर्धांना वयाची अट असते. पंचविशी गाठेपर्यंतच दार उघडं, हे एमएस्सीच्या मुलांनी खास लक्षात ठेवावं.

मुंबई विद्यापीठात साधारणपणे क्रॉस कंट्री पावसाळ्याच्या शेवटाकडे येते आणि ॲथलेटिक्स थंडीत. इंटर-कॉलेजमधून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो इंटर-युनिव्हर्सिटीला जातो. त्यापुढे खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स आहेत, २०२० साली भुवनेश्वरला सुरू झालेले.

हजेरी ७५ टक्के लागते. स्पर्धेला गेलेले दिवस धरले जातात, पण आपोआप नाही. जाण्याआधी जिमखान्याचं पत्र घ्या, त्याची एक प्रत वर्गशिक्षकांना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-सही घेऊन ती आपल्याजवळ ठेवा. परत आल्यावर पत्र द्यायला गेलात तर तोवर डिफॉल्टरांची यादी नोटीस बोर्डावर लागलेली असते आणि त्यात तुमचं नाव ठळक असतं. इंटर्नल किंवा प्रॅक्टिकल त्याच दिवशी येत असेल तर तारीख कळताच अर्ज करा. खेळाडूंना सवलतीच्या गुणांची तरतूद विद्यापीठाच्या नियमांत आहे. ती कुणाला आणि कधी लागू होते हे ऑफिसात विचारून घ्या, सीनियरच्या सांगण्यावर विसंबू नका.

प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी होते. प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंद केलेला कागद तेव्हा डोकेदुखी ठरतो.

धावण्याचा आठवडा

मुंबईतल्या कॉलेजच्या मुलांची सगळ्यात मोठी चूक मी रोज बघते. वेळ कमी म्हणून रोज जोरात धावायचं. "दहा किलोमीटरला वेळ नाही, सहाच करतो पण फास्ट." असं रोज मधल्याच वेगाने धावलं की शरीर ना सावरतं, ना खऱ्या वेगाला सज्ज होतं. आठवड्याच्या धावण्यापैकी साधारण चार पंचमांश भाग इतका आरामात हवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. "हो", "नाही", "हं" एवढंच बोलता येत असेल तर वेग जास्त आहे. २० मिनिटांत ५ किलोमीटर धावणारी मुलगी साध्या दिवशी किलोमीटरला पावणेसहा ते सव्वासहा मिनिटांनी धावली, तर तिचं काहीही बिघडत नाही. माझ्या हळू जोडीदारणीचा फायदा तो हाच.

माझा तिसऱ्या वर्षाचा आठवडा असा होता. सोमवारी सुट्टी, कारण सोमवारी प्रॅक्टिकल साडेचारपर्यंत चालायचं. मंगळवारी ट्रॅक, १,००० मीटरच्या पाच रिपीट ४ मिनिटांत आणि मध्ये ४०० मीटर जॉग. बुधवारी ८-९ किलोमीटर निवांत. गुरुवारी टेम्पो, म्हणजे २० मिनिटं सलग, किलोमीटरला ४ मिनिटं २० सेकंदांच्या आसपास, "कठीण पण पकडीत" अशा वेगाने. शुक्रवारी ८ निवांत आणि शेवटी १०० मीटरचे सहा मोकळे स्ट्राइड्स, म्हणजे वेग वाढवत नेलेल्या छोट्या धावा. शनिवारी ६ किंवा काहीच नाही. रविवारी १५-१६. वॉर्म-अप, कूल-डाऊन धरून साठच्या आत. आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस मिनिटं पोटऱ्या, मांड्यांच्या मागचे स्नायू आणि कंबर यांचा व्यायाम, घरातल्या गादीवर. पोटऱ्या मजबूत करायला आमच्या बिल्डिंगचा जिना पुरला. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच खाली-वर, एका पायावर, पंधराचे तीन सेट. पहिल्या मजल्यावरच्या काकू रोज विचारायच्या, "काय गं, किल्ली विसरलीस का?"

हा आठवडा जसाच्या तसा उचलू नका. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आठवड्याला २५-३० किलोमीटरपासून चढावं, दर तीन आठवड्यांनी एका आठवड्याचे किलोमीटर कमी करावेत आणि पहिले तीन महिने ट्रॅकचा दिवस ठेवूच नये. आपण उशिरा सुरू केलं असं वाटत असेल तर बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे आठवा. १९९४ला जन्मलेला हा मुलगा सैन्यात गेल्यावर, २०१७च्या सुमारास स्टीपलचेसकडे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची ३,००० मीटरची शर्यत) वळला, आणि २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेऊन आला. साताऱ्याच्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली येत होती, मग ती ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ला रिओत अंतिम फेरीत दहावी आली.

मॅरेथॉनवरून आठवलं. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी सगळी मुंबई धावते आणि कॉलेजातला प्रत्येक जण तुम्हाला "फुल करतोस का?" असं विचारतो. एकोणिसाव्या वर्षी फुल मॅरेथॉन करू नका. ४२ किलोमीटरने अंग मोडलं की पुढचा महिना वेग हाती लागत नाही, आणि इंटर-युनिव्हर्सिटीच्या तयारीचे दिवस त्याच सुमाराचे असतात. गर्दीचा आनंद हवा असेल तर १० किलोमीटर धावा आणि उरलेला दिवस पेडर रोडच्या चढावर उभं राहून टाळ्या वाजवा.

दमट हवा आणि पावसाळा

इथला उकाडा तापमानात मोजून कळत नाही. हवेत आधीच इतकी वाफ असते की अंगावरचा घाम सुकत नाही, नुसता ठिबकतो. घाम सुकला तरच अंग गार होतं. म्हणून मे आणि ऑक्टोबरमध्ये तोच वेग ठेवायचा प्रयत्न करणाऱ्याचे ठोके वाढत जातात आणि तो स्वतःला आळशी समजतो. या दोन महिन्यांत घड्याळ घरी ठेवा किंवा मिनिटं ठरवून धावा, अंतर ठरवून नको. "दहा किलोमीटर" ऐवजी "पंचावन्न मिनिटं".

किती पाणी प्यायचं हे स्वतः मोजा. धावायच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लीटर पाणी गेलं. ते पुढच्या काही तासांत थोडं थोडं भरून काढा, एकदम ढसाढसा नको. नुसतं पाणी भरपूर प्यायल्याने रक्तातलं मीठ पातळ होतं, म्हणून मीठ घातलेलं लिंबू सरबत किंवा कोकम. फार घाम गेला असेल तर ओआरएस. त्याची मोठी पुडी एक लीटर पाण्यात पूर्ण मोडायची असते. ग्लासात अर्धी पुडी टाकून "स्ट्राँग" करणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांच्या पोटाचं काय झालं तेही पाहिलं आहे.

पावसात धावायला हरकत नाही, विजा चमकत असतील तर मोकळ्या मैदानातून बाहेर पडा. तुंबलेल्या पाण्यातून मात्र धावू नका. खड्डा, उघडं मॅनहोल ही एक भीती, लेप्टो (अशा घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) ही दुसरी. पायाला जखम असताना अशा पाण्यातून जावं लागलं, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. पाणी तुंबलेल्या दिवशी मी आमच्या चार मजल्यांच्या जिन्यावर वर चालत, खाली चालत, पस्तीस मिनिटं काढायचे. कंटाळवाणं असतं, पण होतं.

बुटांचे दोन जोड हवेत, दोन्ही महाग नसले तरी चालतील. ओल्या बुटाच्या आतला इनसोल काढून वेगळा ठेवा आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. दोन तासांनी बोळे बदला, मग बूट फ्रीजच्या मागे उभे करा, तिथली गरम हवा त्यांना सकाळपर्यंत सुकवते. आमच्याकडे रद्दीचा भाव पावसाळ्यात माझ्यामुळे पडायचा. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरांत बुटाचा तळ दबतो. बूट नवा दिसतो म्हणून तो चांगला असतो असं नाही, म्हणून घेतल्याची तारीख जिभेच्या आतल्या बाजूला पेनने लिहून ठेवा.

थंडीत हवा छान वाटते, पण मुंबईत धुरकं त्याच महिन्यांत जास्त साचतं. सकाळी समोरची इमारत फिकट दिसत असेल तर जोराचा वर्कआउट संध्याकाळवर किंवा उद्यावर ढकला.

डबा

धावणाऱ्या मुलांचं खाणं बिघडतं ते भूक नसल्याने नाही, वेळ हुकल्याने. संध्याकाळी सातला मैदानातून सुटायचं, साडेआठला घरी पोचायचं आणि मध्ये स्टेशनवरचा वडापाव. वडापाव वाईट नाही, एकटा वाईट आहे. बॅगेत दोन केळी आणि उकडलेली दोन अंडी किंवा शेंगदाण्याची चिक्की ठेवा आणि धावून झाल्यावर पाऊण-एक तासाच्या आत खा. वडापाव नंतर, हवाच असेल तर.

प्रथिनांचा हिशेब करायला शिका. ५० किलोच्या धावणाऱ्या मुलीला दिवसाला सत्तर-पंच्याहत्तर ग्रॅम लागतात. दोन अंड्यांतून बारा, अर्धा लीटर दुधातून सोळा, ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून पंचवीस, वाटीभर उसळीतून आठ-दहा. मासे खाणाऱ्या घरात तर सुकट-बोंबिलासारखं स्वस्त काही नाही, फक्त तो डबा कॉलेजात उघडू नका. माझी आई दोन मजली डबा द्यायची. वरच्या पुडात पोळी-भाजी, खालच्यात उसळ आणि भात. तो भात मी साडेचारला खायचे, साडेसहाच्या ट्रॅकसाठी. लॅबमधल्या मैत्रिणी हसायच्या, पण ट्रॅकवर पोटात कावळे ओरडले नाहीत.

श्रावण आणि नवरात्र ही आमच्या घरातली नाजूक बाजू. नेमका क्रॉस कंट्रीचा मोसम आणि घरात नऊ दिवसांचे उपास. मी आजीशी वाद घातला नाही, ताट बदललं. साबुदाण्यात पिष्ट भरपूर, धावायला तेवढं इंधन मिळतं, पण प्रथिनं जवळजवळ नाहीत. म्हणून खिचडीत दाण्याचं कूट दुप्पट, सोबत दही, राजगिऱ्याची भाकरी, रात्री दूध. आणि त्या नऊ दिवसांत ट्रॅकचा वर्कआउट नाही, फक्त निवांत धावणं. निर्जळी उपासाच्या दिवशी धावणंच नाही.

मुलींनी वर्षातून दोनदा सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन) आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घ्यावं. हिमोग्लोबिन १२च्या वर असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. पाय जड, जिना चढताना धाप, टायमिंग विनाकारण घसरलेलं, ही त्याची लक्षणं. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, तो लोह शोषू देत नाही. त्याऐवजी ताटात लिंबाची फोड. अळिवाचा लाडू फक्त बाळंतिणीसाठी असतो असं कुणी सांगितलं? आणि तीन महिने पाळी आली नाही तर "बरं झालं, कटकट गेली" असं म्हणणारी मुलगी धोक्यात आहे. धावण्याच्या मानाने जेवण कमी पडत असल्याची ती पहिली खूण असते, आणि त्याचं मोल हाडं चुकवतात. माझी नडगी आठवा.

खोकल्याची बाटली

एवढंच, पण नीट वाचा. आपल्याकडे घरोघरी असणाऱ्या अनेक कफ सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं. ते डोपिंगच्या यादीत आहे, स्पर्धेच्या दिवशीच नव्हे तर बाराही महिने. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक मर्यादेपलीकडे चालत नाही. "मला माहीत नव्हतं" ही सबब शिक्षेतून सोडवत नाही. डॉक्टरांना आधीच सांगा की तुम्ही स्पर्धेत धावता, आणि औषधाच्या खोक्याचा फोटो काढून ठेवा. जिममधल्या दादाने दिलेली बिनलेबलची पावडर घेऊ नका, दादा कितीही चांगला असला तरी.

परीक्षेचे आठवडे

सेमिस्टरच्या आधीच्या तीन आठवड्यांत किलोमीटर साठावरून पस्तीसवर आणा. ट्रॅकचा एक छोटा वर्कआउट ठेवा, बाकी अर्ध्या-पाऊण तासाची निवांत धाव. तीन आठवड्यांत फिटनेस फारसा जात नाही, केटी लागली (विषय राहिला) तर मात्र पुढचं सेमिस्टर जातं. पेपरच्या आदल्या दिवशी वीस मिनिटं धावा. डोकं मोकळं होतं, झोप येते. पूर्ण बंद करणाऱ्यांना मी अंथरुणात रात्री दोनला तळमळताना पाहिलंय, हॉस्टेलवर.

शर्यतीचा दिवस

आदल्या रात्री बॅग भरा: स्पाइक्स, मोजे, आयडी, एलिजिबिलिटीची झेरॉक्स, चार सेफ्टी पिना (चेस्ट नंबर मिळतो, पिना मिळतातच असं नाही), पाणी, केळी, जुना टॉवेल. सिंथेटिक ट्रॅकवर ६ मिलिमीटरचे खिळे. नवे बूट, नवे मोजे, नवा नाश्ता यातलं काहीच त्या दिवशी नको. पोहे-केळं हा माझा ठरलेला नाश्ता, शर्यतीच्या तीन तास आधी. स्पर्धेचं वेळापत्रक कधीच वेळेवर चालत नाही, त्यामुळे वॉर्म-अप घड्याळ बघून नाही, तुमच्या आधीची शर्यत कुठवर आली ते बघून सुरू करा. कॉल रूमला नाव पुकारलं की मात्र ताबडतोब हजर.

५,००० मीटर म्हणजे साडेबारा लॅप, म्हणजे ट्रॅकच्या ४०० मीटरच्या फेऱ्या. २० मिनिटांचं टायमिंग हवं असेल तर दर लॅपला ९६ सेकंद, १,००० मीटरला ४ मिनिटं, ३,०००ला १२. पहिला लॅप ८८ने गेला तर खूश होऊ नका, त्या आठ सेकंदांची वसुली नवव्या लॅपला व्याजासकट होते. तिसऱ्या ते चौथ्या हजारात सगळ्यांचाच वेग पडतो. तिथे पुढच्या मुलीच्या पाठीवरचा नंबर वाचत राहा, एवढंच काम.

आणि लॅप मोजा. पहिल्या वर्षी इंटर-कॉलेजला मला दोन मुलींनी लॅप दिला, म्हणजे अख्खी फेरी पुढे जाऊन मला ओलांडलं. उरलेल्या लॅपच्या आकड्यांचा बोर्ड त्यांच्यासाठी फिरत होता, शेवटच्या लॅपची घंटाही त्यांच्यासाठीच वाजली. मी ती माझी समजून जीव तोडून धावले आणि फिनिशला गुडघ्यांवर हात ठेवून थांबले. जाळीपलीकडून सर ओरडत होते, "अगं, अजून एक! अजून एक!" तो शेवटचा लॅप मी दोन मिनिटं अकरा सेकंदांत पूर्ण केला. त्यातला बराचसा रडत.

त्यानंतर एक पद्धत ठरवली. शर्यत फिनिशच्या समोरच्या बाजूने सुरू होते, २०० मीटर धावून फिनिशच्या रेषेवर पहिल्यांदा येतो तेव्हा बरोबर १२ लॅप उरलेले असतात. तिथून उलटं मोजायचं, तोंडाने, हळू आवाजात. आणि एका मैत्रिणीला फिनिशच्या गर्दीत नाही, पलीकडच्या सरळ भागावर उभं करायचं. तिने "कम ऑन" वगैरे काही ओरडायचं नाही, तुम्ही समोरून गेलात की फक्त उरलेल्या लॅपचा आकडा सांगायचा. तिला तिच्या लेक्चरचे नोट्स तुम्ही द्याल असं आधी कबूल करून ठेवा, नाहीतर सकाळी साडेसातला ती मैदानावर यायची नाही.